स्विमिंग पूल उपसला की दर वेळी तळाच्या टाइल्स उखडतात: खालून दाबणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त

पूल रिकामा करून एक-दोन दिवस झाले की तळाच्या टाइल्स ठोकल्यावर पोकळ वाजू लागतात. मध्यभागी तळ किंचित फुगलेला दिसतो. भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या सांध्यातून मातकट पाणी झिरपतं. कंत्राटदार त्या टाइल्स काढतो, नव्या बसवतो, ग्राउट भरतो. पुढच्या उपशाला तीच जागा आणि तीच तक्रार. ठाणे आणि नवी मुंबईत ज्या सोसायट्यांचा पूल जमिनीत बांधलेला आहे, तिथे हे वारंवार होतं. बहुतेक वेळा यात टाइलचा दोष नसतो आणि बसवणाऱ्या कारागिराचाही नसतो. पाणी उपसण्याआधी पुलाच्या बाहेर, जमिनीत, पाणी किती उंचीवर उभं आहे हे कुणी मोजलेलंच नसतं.

तुमचा पूल पोडियमवर असेल, म्हणजे खाली पार्किंग असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे भूजलाचा दाब येत नाही; तिथली दुखणी गळतीची आणि वॉटरप्रूफिंगची. मात्र पूल पोडियमवर आणि बॅलन्सिंग टँक (पुलातून ओसंडणारं पाणी साठवणारी टाकी) तळघरात जमिनीखाली, अशी रचना असेल तर टँकपुरतं पुढचं सगळं लागू पडतं.

पाणी किती जोराने वर ढकलतं

एक मीटर उंचीचं पाणी दर चौरस मीटरला एक टन दाब देतं. हा दाब खालून वर लागतो तेव्हा त्याला उत्तर द्यायला वजनच लागतं. आकडे मांडून पाहू. आतून १२ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि १.३ मीटर खोल पूल; तळाची आणि भिंतींची जाडी २०० मिलिमीटर. बाहेरून मोजलेलं तळाचं क्षेत्रफळ सुमारे ६७ चौरस मीटर. आरसीसीचं वजन घनमीटरला अडीच टन धरलं तर तळ साधारण ३३ टन, भिंती साधारण २३ टन, एकूण ५६ टन. म्हणजे तळाच्या खालच्या पातळीपासून ८४ सेंटिमीटर वर पाणी चढलं की रिकामा पूल तरंगायच्या बेतात येतो. सुरक्षिततेसाठी १.२ चा भाग धरला तर मर्यादा ७० सेंटिमीटर. या पुलाचा तळ जमिनीखाली दीड मीटरवर टेकतो, तेव्हा जमिनीखाली ८० सेंटिमीटरच्या वर पाणी असेल तर हा पूल रिकामा करू नये. खाडीकाठच्या भरावात जुलै-ऑगस्टमध्ये फूट-दीड फुटावर पाणी लागणं नवलाचं नाही.

पण अख्खा पूल उचलला जाण्याच्या बरंच आधी नुकसान सुरू होतं. तळाचा २०० मिलिमीटरचा स्लॅब एकट्याने फक्त अर्धा मीटर पाणी पेलतो. त्यापुढे तो मध्यभागी वर वाकू लागतो आणि भिंतीलगत चिरतो. टाइलचं गणित तर याहून नाजूक आहे. टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून ५० मिलिमीटर जाडी धरली तर वजन चौरस मीटरला ११० किलो. स्लॅबमध्ये बारीकशी चीर असेल आणि तिच्यातून पाणी मसाल्याखाली पोहोचलं, तर अवघ्या ११ सेंटिमीटर पाण्याचा दाब तो थर उचलायला पुरतो. एरवी त्याला धरून ठेवणारी फक्त मसाल्याची पकड. पहिला बळी टाइलचा जातो तो यामुळे, आणि नव्या टाइलनेही काही सुधारत नाही ते यामुळेच. चीर तीच असते, पाणी तेच असतं.

पूल भरलेला असताना मात्र आतलं पाणी चौरस मीटरला सव्वा टनाच्या आसपास खाली दाबत असतं. त्यामुळे वर्षभर सगळं सुरळीत दिसतं.

खाडीकाठ आणि डोंगरपायथा: दोन वेगळी दुखणी

वाशी, सानपाडा, नेरुळ, सीवूड्स या भागांत खाडीची काळी चिकण माती आणि तिच्यावर मुरुमाचा भराव असे थर सापडतात. चिकण मातीतून पाणी फार हळू सरकतं, भरावातून झपाट्याने. भरावाचा थर खाडीशी जोडलेला असेल तर पातळी भरती-ओहोटीबरोबर थोडी वरखाली होते. म्हणून एकाच वेळी मोजून भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. अष्टमीच्या भांगाला सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि तिचा जोरही कमी असतो. उपसा भांगाच्या दिवसांत ठेवला तर तेवढा फायदा पदरात पडतो.

घोडबंदर रस्त्यालगत येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरला डोंगराच्या बाजूला प्रकार निराळा. इथे बेसॉल्टचा कातळ वरच आहे. कातळ फोडून खड्डा केला, त्यात पूल बांधला आणि भिंतीभोवतीची पोकळी डबर-मुरुमाने भरली, की तो खड्डा वाटीसारखा वागतो. पावसाचं, बागेला घातलेलं, डोंगरावरून मुरुमाच्या थरातून उतरणारं पाणी त्या वाटीत साठतं आणि बाहेर जायला वाट नसते. सोसायटीच्या बोअरवेलमध्ये पाणी ६० फुटांवर असलं तरी पुलाभोवतीच्या वाटीत ते ३ फुटांवर असू शकतं. बोअरवेलची पातळी पाहून निर्धास्त होणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक.

याच वाटीत पुलाची स्वतःची गळतीही साठते. पूल रोज थोडा गळतो, ते पाणी भिंतीमागे उभं राहतं, आणि पूल रिकामा केला की आपलंच पाणी आपल्याला उलटं ढकलतं. पर्जन्यजल संधारणाचा खड्डा पुलापासून पाच-सात मीटरवर असेल तर तोही तपासा. तो आपलं काम चोख करत असतो, फक्त चुकीच्या जागी.

निरीक्षण पाइप: सगळा निर्णय यावर

पुलाच्या भिंतीपासून अर्धा ते एक मीटरवर, भरावातच, एक उभा पाइप घाला. खोल भागाजवळ एक आणि समोरच्या बाजूला एक, असे दोन हवेत. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, खालच्या दोन मीटरला ६ मिलिमीटरची भोकं, भोवती जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), आणि बाहेर १० ते २० मिलिमीटरची खडी. पाइपचं टोक पुलाच्या सर्वांत खोल तळापेक्षा किमान अर्धा मीटर खाली गेलं पाहिजे. वर झाकण, आणि वरच्या अर्ध्या मीटरला चिकण मातीचा किंवा सिमेंटचा बंद, म्हणजे पावसाचं पाणी थेट आत उतरणार नाही. खोदण्याआधी विजेच्या केबल आणि पाइपलाइनचे नकाशे पाहा.

दोन दिवस थांबा, मग आठवडाभर दिवसातून दोनदा टेपने पातळी मोजा. खाडीकाठी भरती आणि ओहोटी दोन्ही वेळा. पातळी जमिनीपासून न लिहिता पुलाच्या काठापासून खाली किती, अशी लिहा; आतल्या पाण्याशी थेट तुलना होते.

पाइपमधल्या पाण्याचा टीडीएसही, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाणही, तपासा. मीटर स्वस्त मिळतो. टीडीएस हजारोंत आणि चव खारट असेल तर खाडी. पुलाच्या टीडीएसच्या जवळपास असेल तर पुलाची गळती. नळाच्या पाण्याइतका कमी असेल तर जवळची पाण्याची लाइन फुटली असण्याची शक्यता धरा, विशेषतः पावसाळा नसताना पातळी वर असेल तेव्हा.

टाइल नेमकी कशाने उखडली?

उखडलेली टाइल उलटी करून पाहा. तिची पाठ कोरडी आणि जवळजवळ स्वच्छ असेल, म्हणजे मसाला तिला चिकटलाच नव्हता, तर तो बसवणीचा दोष. टाइल्स ओळीने तंबूसारख्या उभ्या राहिल्या असतील, खालचा मसाला सुका असेल, आणि हे मे महिन्याच्या उन्हात पूल कोरडा ठेवल्यावर झालं असेल, तर उन्हाने प्रसरण पावून त्या एकमेकींना ढकलतात. सांध्यांना जागा ठेवलेली नसते. मसाला ओला, पांढरे क्षार उतरलेले, तळाच्या मध्यावर फुगवटा किंवा भिंतीलगत सलग चीर, हे मात्र खालच्या पाण्याचंच काम. तिन्ही कारणं एकाच पुलात असू शकतात, पण तिसरं असताना पहिल्या दोघांवर खर्च करणं वाया जातं.

खरंच रिकामा करायचा आहे का?

बऱ्याचदा नाही. पाणी हिरवं झालं म्हणून उपसायची गरज नसते. क्लोरिनचा मोठा डोस, तुरटी आणि तळाचा गाळ व्हॅक्युमने थेट बाहेर काढणं एवढ्यावर काम होतं. टीडीएस वाढला असेल तर दर वेळी एक तृतीयांश पाणी बदला. असं तीनदा केलं की सुमारे ७० टक्के पाणी नवं होतं आणि पूल कधीच धोक्याच्या पातळीखाली जात नाही. दोन-चार टाइल्स बदलायच्या असतील तर पाणबुड्या कारागीर पाण्याखाली चालणाऱ्या इपॉक्सीने त्या लावतो.

पूर्ण रिकामा करायचाच असेल तर एप्रिलचा मध्य ते मेअखेर हा काळ. दिवाळीनंतरची साफसफाई सोयीची वाटते, पण पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं पाणी तेव्हा उतरलेलं नसतं. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचं खोदकाम चालू असेल तर तिथले पंप आजूबाजूची पातळीही खाली धरून ठेवतात. त्यांचं तळघर बांधून झालं, पंप थांबले, की तुमच्याकडची पातळी काही दिवसांत वर येते. गेल्या वर्षी निर्धोक उपसा झाला म्हणून यंदाही होईल असं धरू नका.

उपसा

सर्वांत आधी बाहेरचं पाणी उतरवा. पुलाच्या दोन्ही लांब बाजूंना, तळापेक्षा मीटरभर खोल, ३०० मिलिमीटर व्यासाचे खड्डे घेऊन त्यांत जाळीदार पाइप आणि खडी भरा, आणि फ्लोट स्विच असलेला एक एचपीचा सबमर्सिबल पंप प्रत्येकात सोडा. निरीक्षण पाइपमधली पातळी तळाच्या खालच्या बाजूपेक्षा ३० ते ५० सेंटिमीटर खाली जाऊन २४ तास तिथेच राहिली पाहिजे. मुरुमात याला एक-दोन दिवस लागतात. चिकण मातीत आठवडाही लागू शकतो, आणि खड्ड्याचा प्रभाव जवळपासच पडतो, म्हणून तिथे खड्डे जास्त लागतात. पंपातून येणारं पाणी काचेच्या बरणीत धरून तासभर ठेवा. तळाशी रेती-माती साचत असेल तर उपसा थांबवा. पुलाखालची जमीन वाहून जाते आहे. खडीभोवतीचं कापड नीट करूनच पुन्हा सुरू करा. पंप जनरेटरवर जोडलेले असावेत आणि एक पंप हाताशी जास्तीचा ठेवावा. रात्री वीज गेली आणि पंप बंद पडले तर पातळी परत चढते.

मग आतलं पाणी. पाण्याखालच्या दिव्यांचा पुरवठा डीबीतून (विजेच्या वितरण पेटीतून) तोडा. ते पाण्यानेच थंड राहतात, कोरडे पेटले तर जळतात. फिल्टरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा वेस्टवर, म्हणजे पाणी थेट बाहेर पडेल असा, न्या, आणि पाणी खाली जाण्याआधी स्किमरची (काठालगत वरचं पाणी ओढणाऱ्या तोंडाची) लाइन बंद करा, नाहीतर पंप हवा ओढतो. दांडा फिरवताना पंप बंदच हवा. आतली पातळी बाहेरच्या मूळ पातळीएवढी होईपर्यंत तळाला खालून वर ढकलणारा दाब जाणवत नाही. तिथून पुढे दर ३० सेंटिमीटरला दोन तास थांबा, काठावर आणि डेकच्या (पुलाभोवतीच्या फरशीच्या) सांध्यावर मार्करच्या खुणा करून त्या सरकल्या का ते पाहा, निरीक्षण पाइप मोजा. शेवटचं पाणी सबमर्सिबलने काढा. त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा करंट येताच वीज तोडणारा स्विच) हवा, आणि पंप चालू असताना पुलात कुणीही उतरू नये. हा नियम कुणासाठीही मोडू नका.

बॅलन्सिंग टँक विसरू नका. तो पुलापेक्षा खोल असतो आणि लहान असल्यामुळे पटकन रिकामा केला जातो. बाहेरच्या पाण्याचा सर्वांत मोठा दाब त्याच्याच तळाला लागतो. त्यात उतरायचं असेल तर आधी पंख्याने हवा खेळवा, वर एक माणूस दोरी धरून उभा ठेवा. पुलात आम्ल धुलाई केली असेल तर त्याच दिवशी टँकमध्ये उतरू नका. आम्ल आणि क्लोरिन एकत्र आले की विषारी वायू तयार होतो आणि तो खोलगट जागी साठतो.

उपसा चालू असताना तळातून पाणी येऊ लागलं तर

पुलातलं पाणी उपसणारा पंप बंद करा. आत येणारं पाणी उपसू नका. नेमकं इथेच बहुतेक पूल मोडतात: पाणी येतंय असं दिसलं की लोक दुसरा पंप लावतात. आत आलेलं ते पाणीच या क्षणी तळाला खाली दाबून धरतं आहे. मेन ड्रेनची (तळाच्या निचऱ्याच्या खड्ड्याची) जाळी काढून हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (बाहेरचा दाब वाढला की आपोआप उघडणारी झडप) मोकळा आहे का ते पाहा; असेल तर त्यातून पाणी येऊ द्या. लगेच नळ सोडा, टँकर मागवा. वर दिलेल्या पुलाला अर्धा मीटर भरायला ३०,००० लिटर लागतं, म्हणजे १०,००० लिटरचे तीन टँकर. उपशाच्या दिवशी टँकरवाल्याशी आधीच बोलून ठेवा. तळाला भोकं पाडून दाब सोडणं हा शेवटचा उपाय आहे आणि तो स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा दाखवल्याशिवाय करू नये.

पाणी सोडायचं कुठे

क्लोरिनचं पाणी खाडीत, कांदळवनात किंवा धारण तलावात (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवून धरणाऱ्या तलावात) जाता कामा नये. तिथल्या माशांना आणि सूक्ष्म जीवांना ते थेट मारतं. उपशाच्या चार-पाच दिवस आधी क्लोरिन घालणं थांबवा, ऊन लागू द्या, मग किटने तपासा. तरी उरलं असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे हायपो वापरा. ७८,००० लिटरच्या पुलात एक पीपीएम क्लोरिन असेल तर साधारण अर्धा किलो पुरतं. सोसायटीच्या एसटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) हे पाणी एकदम ढकलू नका, तिथले जिवाणू मरतात आणि पुढचे कितीतरी दिवस दुर्गंधी येते. पावसाळी गटारात सोडायचं असेल तर वॉर्ड ऑफिसला आधी विचारा, आणि नवी मुंबईत वेळ ओहोटीची निवडा. भरतीला खाडीकडची दारं मिटतात, गटार तुंबतं आणि तेच पाणी रस्त्यावर येतं. क्लोरिन उतरलेलं पाणी झाडांना आणि फ्लशच्या टाकीला चालतं. टीडीएस फार असेल तर झाडांना नको. भूजल उपसणाऱ्या पंपांचं पाणीही पुलापासून लांब सोडा. बागेत सोडलं तर ते फिरून परत येतं.

रिकाम्या पुलात

चारही बाजूंनी पत्रे किंवा जाळी लावा आणि रात्री रखवालदार ठेवा. रिकामा पूल लहान मुलांसाठी भरलेल्याइतकाच धोक्याचा. टाइल्सवर हिरवी जाळी ताणा किंवा ओलं गोणपाट टाका. आणि हे लक्षात ठेवा की टाइल आणि स्क्रीड (खालचा मसाल्याचा थर) फोडून काढलं की तळ तेवढा हलका होतो. त्याच दिवसांत पंप सर्वांत जास्त विश्वासाचे हवेत.

हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह याच वेळी बदला. दीड किंवा दोन इंची, प्लॅस्टिकचा, स्प्रिंगवर चालणारा हा भाग मेन ड्रेनच्या खड्ड्यात असतो आणि बाहेर पाणी जास्त झालं की आपोआप उघडतो. तो निकामी होतो तो दोन प्रकारे: जुन्या दुरुस्तीत कुणीतरी त्याच्यावर सिमेंट थापलेलं असतं, किंवा खालची खडी चिकण मातीने बुजलेली असते. दुसऱ्या प्रकारात नवा व्हॉल्व्ह लावूनही काही होत नाही. खालचा जाळीदार पाइप काढून कापडात गुंडाळलेली नवी खडी भरावी लागते. व्हॉल्व्ह गळतोय म्हणून कायमचा बूच मारणं हा उपाय नाही. बहुतेकदा सीटवर रेतीचा कण अडकलेला असतो, धुतल्यावर तो बसतो.

हा त्रास दर वर्षीचा असेल तर कायमची व्यवस्था करा. पुलाभोवती, तळाच्या खालच्या पातळीपेक्षा खाली, १०० मिलिमीटरचा भोकांचा पाइप २० मिलिमीटर खडीत, कापडात गुंडाळून, शंभराला एक उतार देऊन टाका आणि तो एका पक्क्या चेंबरमध्ये आणून सोडा; चेंबरमध्ये फ्लोटवर चालणारा पंप. डोंगरपायथ्याच्या वाटीत उतार मिळत असेल तर पंपाचीही गरज नाही, पाइप थेट खालच्या अंगाला काढता येतो. खाडीकाठी जिथे पाणी कायमच वर असतं तिथे तळ जाड करणं किंवा कातळापर्यंत अँकर घालणं, याचा हिशोब इंजिनिअरकडून करून घ्या. स्लॅबच्या चिरांमध्ये पीयू (पॉलियुरेथेन) किंवा इपॉक्सी इंजेक्शन टाइल लावण्याआधी झालंच पाहिजे.

परत भरताना

टाइल आणि ग्राउटला पुड्यावर लिहिलेले दिवस द्या, घाई करू नका. मेन ड्रेनची जाळी स्क्रूसकट घट्ट बसली आहे हे हाताने ओढून पाहा. सैल जाळीत केस किंवा पाय अडकू शकतो. दिवसाला अर्धा ते पाऊण मीटर या गतीने भरा. बाहेरचे पंप आतलं पाणी बाहेरच्या मूळ पातळीच्या वर जाईपर्यंत आणि पूल निदान अर्धा भरेपर्यंत बंद करू नका. पूल पूर्ण भरल्यावर काठावर खूण करून, पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून २४ तासांनी दोन्हींची घट मोजा. पुलाची घट बादलीपेक्षा जास्त निघाली तर गळती अजून आहे, आणि ती भिंतीमागे साठू लागली आहे. निरीक्षण पाइप बुजवू नका. त्याला कुलपाचं झाकण लावा आणि महिन्यातून एकदा पातळी वहीत लिहा.